होतकरू

"अर्ज क्रमांक सात," गमरे म्हणाले, आणि घसा साफ करायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

रविवारची सकाळ. वंदना आटोपली होती आणि कोपरीच्या विहारात सतरंजीवर चौघे जण बसले होते. होतकरू विद्यार्थी निधीची वर्षातली एकच बैठक. आधीचे सहा अर्ज चहा निवायच्या आत मंजूर झाले होते. प्रत्येक अर्जावर नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवलेली. हा नियम सचिव शिवराम गमऱ्यांचाच. नाव दिसलं की मन पाघळतं, आणि पाघळलेल्या मनाने निधी चालत नाही. नाव उघडायचं ते मंजुरीनंतर. नामंजूर झाला तर अर्ज पट्टीसकट फायलीत.

"कोर्स, टॉवरच्या सांडपाण्याचा प्लांट चालवणं. मुदत तीन महिने, फी अठरा हजार. कारण, कोलशेतची कंपनी बंद पडली. त्या जागेवर टॉवर झालेत, सर्टिफिकेट आणलं तर तिथल्या प्लांटवर घेतो म्हणालेत." गमऱ्यांनी कागद थोडा वर धरला. "वय सत्तेचाळीस."

सुदेशने मांडीवर थाप मारली. "च्यायला! होतकरू आजोबा!"

सगळ्यांत मोठ्याने हसले ते गमरे.

"कोलशेत म्हणजे तुमच्याच कंपनीतलं कुणी नाही ना, भाऊ?" सुदेशने विचारलं.

"आमची तळोज्याला गेली. सांगितलेलं ना तुला." हे त्यांनी सहा महिन्यांपूर्वी अख्ख्या चाळीला सांगितलं होतं. "असेल बाजूच्या कंपनीतला कुणी."

हिशेब ते घरूनच करून आले होते. नामंजूर झाला, तर कुणाला काही कळायचं नाही. मंजूर झाला, तर पट्टी निघेल, पण लाजेचे निदान अठरा हजार तरी येतील. आजवर चाळीत कुणाच्या लाजेला एवढा भाव आला नव्हता.

"नियम काय सांगतो?" सुदेश आता रंगात आला होता. "होतकरू म्हणजे होणारा. याचं तर होऊन गेलं!"

वाक्य सुदेशचं नव्हतं. मंडळात ते म्हणीसारखं चालायचं, आणि ते काढलं होतं गमऱ्यांनी. नऊ वर्षं झाली, पट्टीचा नियम तेव्हा नव्हता. याच सतरंजीसमोर छत्तीस वर्षांच्या शेवंतीताई उभ्या होत्या, नर्सिंगच्या कोर्ससाठी साडेसहा हजार मागत. "ताई, होतकरू म्हणजे होणारा. तुमचं होऊन गेलं." सगळे हसले होते. ताईसुद्धा हसल्या होत्या. आज त्या निधीच्या अध्यक्ष होत्या, आणि हॉस्पिटलची ड्यूटी संपवून घरी न जाता थेट इथे आल्या होत्या.

त्यांनी हात पुढे केला. "बघू कागद."

द्यावा लागला. गमऱ्यांचं अक्षर म्हणजे मोती. चाळीतल्या आमंत्रणांपासून विहाराच्या फळ्यापर्यंत सगळीकडे तेच. नावावर पट्टी चिकटवणाऱ्या माणसाला अक्षरावर काय चिकटवावं हे काही सुचलं नव्हतं. ताईंनी चष्मा लावला. काढला. कागद सतरंजीवर उलटा ठेवला.

"माझं मंजूर," त्या म्हणाल्या.

"माझं नामंजूर," सुदेश म्हणाला. "पोरांचे पैसे आहेत, ताई. प्रीती, तू बोल."

प्रीती खजिनदार. याच निधीवर बी.कॉम. झालेली. तिने वहीत बघितलं. "एकोणीस हजार उरलेत. बसतं तसं. पण मला नाही कळत. शिवरामकाका म्हणतील ते."

तिघंही गमऱ्यांकडे बघू लागले. नुसता एक हात वर करायचा होता. तो गुडघ्यावरून वीतभर उचलला गेला आणि तिथेच राहिला.

"मला मत देता येणार नाही," ते म्हणाले.

"का? सचिवाला मत आहे. नियम तुमचाच," सुदेश म्हणाला.

"सचिवाला आहे. अर्जदाराला नाही."

सुदेशने चहाचा कप तोंडाला लावला. तो मघाशीच संपलेला होता. "भाऊ... मी आपलं मजेत बोललो."

"मजेतच बोलतात ते," शेवंतीताई म्हणाल्या.

प्रीतीने खाली बघत हात वर केला. मग सुदेशनेही केला, कप हातात तसाच धरून.

"लिहा ठराव."

गमऱ्यांनी रजिस्टर ओढलं. तारीख घातली. 'अर्जदार मतदानापासून दूर राहिले' लिहिलं, 'सर्वानुमते' लिहिलं. पुढे नाव, आणि नावाच्या आधी एक शब्द. तिथे पेन थांबलं.

"काय झालं?"

"होतकरू," ते म्हणाले. "रू... ऱ्हस्व की दीर्घ?"

हा शब्द ते बावीस वर्षं लिहीत आले होते. कुणी हसलं नाही.

शेवंतीताईंनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं. पानं मागे नेली. फार शोधावं लागलं नाही. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी रजिस्टर परत गमऱ्यांसमोर सरकवलं. ओळ मोत्यासारखी होती. 'श्रीमती शेवंती तांबे यांचे वय पाहता त्या होतकरू या व्याख्येत बसत नाहीत.'

"इथे बघून लिहा," त्या म्हणाल्या.