कोरडी बाजू

निळ्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला तरंगता धक्का बारकूने धरणाच्या पाण्यात ढकलला, तेव्हा कुमुदताई बंगलीच्या पायरीवरून नुसत्या बघत होत्या. दिगंबररावांनी दिवाळीत मोठ्या हौसेने सांगितलेलं काम होतं ते. संध्याकाळी दोघांनी पाण्यावर बसून चहा घ्यायचा, एवढाच बेत. माघात ते गेले आणि धक्का अर्धवट पडून राहिला, तो आता कुठे पुरा झाला होता.

बारकूने दोर काठाच्या झाडाला बांधला, दोन्ही टोकांना एकेक खुर्ची मांडली. कुमुदताई जपून आपल्या खुर्चीत टेकल्या, तसा सगळा धक्का त्यांच्या बाजूला कलला. पाणी फळीवर चढलं आणि त्यांच्या पावलांना लागलं. पलीकडची रिकामी खुर्ची वर उचलली गेली.

"काका अंगाने भारी, म्हणून त्यांच्या बाजूला पिंपं जास्त लावलीत," बारकू ओशाळून म्हणाला. "त्यांनीच सांगितलेलं, 'माझ्या वजनाने काकूंच्या चहाला हिंदकळा बसायला नको.' मध्ये सरका काकू, नाहीतर तिकडची थोडी पिंपं काढतो."

कुमुदताईंना पावसाळ्यातले दिवस आठवले. एका छत्रीतून दोघं घरी यायचे, तेव्हा दिगंबररावांचा डावा खांदा निथळत असे आणि यांच्या पदरावर शिंतोडाही नसे. एसटीच्या गळक्या खिडकीशीसुद्धा तेच बसायचे.

"राहू दे रे, काही काढू नकोस," त्या म्हणाल्या. पाय तसेच पाण्यात ठेवून त्यांनी पलीकडच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आज तुम्ही बसा कोरड्यात."