हात ओळखा

लेकीला घेऊन दोघं जहाजावर आले, त्याला सहा दिवस झाले होते. नवऱ्याला जहाजावरचं सगळंच पसंत पडलं होतं. बायकोला मात्र एकच गोष्ट मनापासून आवडली होती. केबिनच्या भिंती पातळ होत्या, त्यामुळे नवऱ्याचा आवाज एकदाही चढला नव्हता.

"किती शांत कुटुंब आहे हो तुमचं!" शेजारच्या केबिनमधल्या काकू रोज म्हणायच्या.

घरी परतलं की लेकीला घेऊन माहेर गाठायचं, असं ती निघतानाच ठरवून आली होती. आता तिचं मन डळमळायला लागलं होतं. माणूस बदलतोही. आणि सहा वर्षांच्या पोरीच्या लक्षात तरी काय राहणार?

शेवटच्या दिवशी डेकवर स्पर्धा होती. सहा बाबा हात पुढे करून रांगेत उभे राहिले. डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या मुलांनी नुसत्या स्पर्शाने आपापले बाबा ओळखायचे होते. लेकीची पाळी आली, तशी आईने हौसेने मोबाइल काढला आणि ती शूटिंग करत अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

लेकीने पहिला हात चाचपला आणि हसत मान हलवली. दुसरा सोडला, तिसराही सोडला.

चौथ्या तळहाताला बोटं लागली मात्र, तिने दोन्ही कोपरं वर करून चेहरा झाकून घेतला आणि पुटपुटली, "परत नाही करणार, बाबा."