बोट ठेवलेली ओळ

मेंदूतलं सेरोटोनिन अडवणारं एक रसायन उंदरांना किती दिलं की लागू पडतं, हे चंदानं आदिलाबादच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं खपून शोधून काढलं. "शोधनिबंधावर पहिलं नाव तुझंच," असं सुरेंद्र सर कायम म्हणायचे.

निबंध छापून आला, तसे तिचे वडील यशवंतराव भीमपूरहून पहिल्या बसनं आले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"तुहं नाव कोणतं हाय, बोट ठेव बरं."

वर एकट्या सरांचंच नाव होतं. चंदानं पानं उलटत नेली आणि अगदी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. यशवंतरावांनी त्या ओळीवरून हळूच हात फिरवला.

"देवमाणूस हाय तुहा सर."

 

पिंजरे साफ ठेवल्याबद्दल सरांनी तिथं तिचे आभार मानले होते.