डोकं कापलेला बोल्ट

धाकट्या लेकीला जुळी झाली त्या वर्षी रंगरावांनी आपल्या जुन्या गाडीसाठी एक युक्ती केली. टायर सारखे झिजावेत म्हणून दर सहा महिन्यांनी ते अंगणातच पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करत. जड चाक ते उचलून धरायचे आणि त्यांची बायको सगुणा शेजारी उकिडवी बसून चाकाची भोकं गाडीच्या भोकांशी जुळवायची, मग बोल्ट घालायची. "अहो, वर घ्या! एवढं नव्हे. पुरुषांना मेलं वरखाली कळत नाही."

त्या वर्षी तिचे गुडघे धरले होते. म्हणून रंगरावांनी एका लांब बोल्टचं डोकं कापलं, तो गाडीच्या वरच्या भोकात पिळला आणि खुंटीला टोपी अडकवावी तसं चाक त्यावर अडकवलं. बाकीची भोकं आपसूक समोरासमोर आली.

"बघ, आता तुला बसायला नको," ते हौसेनं म्हणाले.

"बरं झालं. माझी गरजच संपली," म्हणत सगुणा पायरीवरून उठली. दिवसभर अंगणात फिरकली नाही.

पुढच्या खेपेला रंगरावांनी तो बोल्ट खणात ठेवला, अंगणात खुर्ची मांडून तिला बसवलं आणि चाक हातांवर तोललं. "जुळलं का गं?"

"कसलं जुळतंय! डावीकडे घ्या."

खुर्चीतून भोकं दिसत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो बोल्ट खणातून पुन्हा निघाला, तो जुळ्यांना शाळेत घातलं त्या वर्षी, दिवाळीनंतर. सगुणा नवरात्रात, सातव्या माळेला वारली होती.