चष्मेवाल्याची फटफटी

"आवाज नेमका कधी येतो?" मेस्त्रीने विचारलं.

"उतारावर. ॲक्सिलरेटर सोडला रे सोडला की फट्! आमच्या गल्लीच्या तोंडाशी तर हमखास. परवा एका आजोबांच्या हातातली पिशवी पडली, टोमॅटो गटारापर्यंत गेले." चष्मेवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. "आज काय ते एकदाचं करून टाका. घर वाचवायचंय मला."

मेस्त्रीने गाडी स्टँडवर घेतली. "घर मला दुरुस्त करता येत नाही. गाडीचं बघतो."

गाडी चष्मेवाल्याच्या वडिलांची. वडील गेले, गाडी मागे राहिली आणि फटफट करायला लागली. बायको म्हणाली, विकून टाका ही ब्याद. आई म्हणाली, माझ्या नवऱ्याची वस्तू आहे, मी गेल्यावर काय ते विका. शब्दाने शब्द वाढला आणि गेल्या उन्हाळ्यापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे पार बंद. "सांग तुझ्या बायकोला, पंखा कमी कर म्हणावं." "सांगा तुमच्या आईंना, मी लावलेलाच नाही." दोघी एकाच खोलीत, हातभर अंतरावर, आणि हा मध्ये टपालवाला! स्वयंपाकघराचं तर विचारूच नका. हिने केलेलं तिच्या घशाखाली उतरेना, तिने केलेलं हिच्या. शेवटी चष्म्याचं दुकान सांभाळून दोन्ही वेळचा स्वयंपाक चष्मेवाल्यानेच अंगावर घेतला. त्याच्या हातचं मात्र दोघी बोटं चाटून खायच्या. त्याला तेवढंच समाधान.

तसा तो रडका माणूस नव्हता. घरात सगळं वाईटच होतं असंही नाही. आईचा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. पण अलीकडे तिचा अंबाडा कसा रोज चापूनचोपून घातलेला असायचा.

"औषधी तेल आणून दिलंय मी," तो मेस्त्रीला कौतुकाने सांगत होता. "बरोबर गुण आला. आता एवढी गाडी गप्प झाली की सुटलो. आवाज गेला की विकायचं कारण गेलं. कारण गेलं की भांडण गेलं."

"दोघींना विचारलंत?"

"सकाळीच सांगितलं. बायको म्हणते, राहू द्या हो, कानाला सवय झालीय. आई म्हणते, आवाजाशिवाय गाडी मुकी वाटेल." तो हसला. "माघार घ्यायची लाज वाटते हो माणसाला. मी ओळखून आहे दोघींना."

गार इंजिन मेस्त्रीने चालू केलं, सायलेन्सरच्या तोंडावर कापडाचा बोळा दाबला आणि पाईप इंजिनाला जिथे मिळतो तिथे साबणाचं पाणी सोडलं. भराभरा बुडबुडे आले.

"हे बघा. जोड फुटलाय. ॲक्सिलरेटर सोडला की थोडं पेट्रोल न जळताच पाईपमध्ये जातं. इथनं बाहेरची हवा आत शिरते. दोघांची गाठ पडली की फट्."

"म्हणजे दोष दोघांचाही?"

"दोष जोडाचा," मेस्त्री म्हणाला आणि कामाला लागला. पाईप खोलून त्याने आतली काळी पडलेली रिंग खरवडून काढली, नवी बसवली, दोन्ही नट आलटूनपालटून सारखे आवळले. मग कार्बोरेटरचा बारीक स्क्रू कान लावून लावून फिरवला, इंजिन एका लयीत धडधडायला लागेपर्यंत.

"आता वाजली तर मिशी उतरवीन," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने गाडी थेट घराकडे घेतली. गल्लीच्या तोंडाशी उतार आला. त्याने ॲक्सिलरेटर सोडला. काही नाही! गाडी लोण्यातून सुरी जावी तशी खाली उतरली. टोमॅटोवाले आजोबा ओट्यावर बसले होते, त्यांनी मानही वर केली नाही. चष्मेवाल्याला इतका आनंद झाला की त्याने उगाचच त्यांना हात केला.

आता दोघींना समोरासमोर बसवायचं. म्हणायचं, बघा, संपलं कारण, आता बोला. आई आधी रडेल, मग बायको. हे सगळं त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. इंजिन बंद करून तो पायऱ्या चढला. दार नुसतंच लोटलेलं होतं आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. एकीचा नव्हे, दोघींचा.

तो फटीशीच थांबला.

आई खाली सतरंजीवर मांडी घालून बसली होती. मागे खुर्चीत बसून बायको तिचे केस विंचरत होती. मध्ये शेंगदाण्यांची वाटी.

"उठू या का आई? यायची वेळ झाली ह्यांची."

"बस गं निवांत. कोपऱ्यावर फट् झालं की उठू, रोजच्यासारखं. तू आत जा, मी भिंतीकडे तोंड करते."

बायको हसता हसता थांबली. "पण खरंच सांगून टाकू या हो आता. कांदे चिरून चिरून डोळे लाल होतात त्यांचे. वाईट वाटतं मला."

"सांगू की, घाई काय आहे?" आईने एक शेंगदाणा तोंडात टाकला. "तुझ्या सासऱ्यांना स्वयंपाकाची गोडी लागेपर्यंत मी आणि माझ्या सासूबाईंनी चार वर्षं अबोला धरला होता."