चांदी तीच

हुपरीत पैंजणं घडवणारे बाबासो पोराचा, अनेकांतचा, बंद पडलेला लॅपटॉप पंच्यात गुंडाळून एसटीनं कोल्हापूरला आले. विश्वजितच्या रिपेअरिंगच्या दुकानात त्यांनी तो दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"काका, विंडोज परत टाकावी लागंल," तपासून झाल्यावर विश्वजित म्हणाला. "लायसन्स की जुनीच चालती, नवीन काय घ्यायला नको. पण आधी आतलं सगळं पुसायला लागतंय. चालंल न्हवं?"

बाबासो हसले. "न चालायला काय झालं? आम्ही काय जुनी पैंजणं आटवत न्हाई व्हय? नक्षी गेली तरी चांदी कुठं जाती? पुसा की बिनघोर!"

दुपारी विंडोज टाकून झाली. जुनीच लायसन्स की बिनतक्रार लागली आणि स्क्रीन निळाशार उजळला. विश्वजितनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "घ्या काका, एकदम नव्यासारखा झाला."

बाबासोंचा चेहरा फुलला. त्यांनी लगोलग घरी बायकोला फोन लावला. "अंजना, झाला बघ चालू! कालपासनं उपाशी हाईस, आता तरी दोन घास खा. थांब, हितनंच ऐकवतो तुला."

 

मग फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धरून ते विश्वजितला म्हणाले, "लावा पावणं, आतला आमच्या अनेकांतचा आवाज. पोरगं गेल्यापासनं आमच्याकडं तेवढाच उरलाय."