बेवारस शर्ट

लाँड्रीत कपड्यावरची नंबराची चिठ्ठी गळून पडणं हे रोजचंच. मग तो कपडा कुणाचा, यावरून मालक सगळी लाँड्री डोक्यावर घ्यायचा. इस्त्रीवाल्या मावशींनी या गोष्टीचा इतका धसका घेतला होता, की मुलगा परदेशी निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या एकूण एक शर्टाच्या कॉलरखाली लाल दोऱ्याचे दोन तिरपे टाके घातले. "अगं आई, तिथे कोण माझे शर्ट पळवणार आहे?" म्हणून तो पोट धरून हसला होता.

गेली चार वर्षं तो या देशातून त्या देशात हिंडत होता आणि मावशींच्या वाट्याला नुसते फोन येत होते. आज सकाळीही आला. "यंदाही नाही गं जमत यायला. इथे खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ साचलाय."

मावशींनीच त्याची समजूत काढली. "असू दे रे, आधी काम. बाहेर पडताना कान तेवढे बांधत जा."

दुपारी स्टेशनजवळच्या हॉटेलातून, तिथे उतरलेल्या पाहुण्यांच्या कपड्यांचं बोचकं आलं. धुऊन झाल्यावर त्यातला एक शर्ट बिनचिठ्ठीचा निघाला आणि मालक खेकसला, "मावशी, बघा काही खूणबिण सापडतेय का!"

मावशींनी कॉलर उलटी केली.



"काही खूण नाही हो," त्या म्हणाल्या, आणि ब्लेडनं ते दोन लाल टाके उसवून टाकले.